सरांच्या एका वाक्यानंतर वर्गात पाऊल टाकवत नाही

प्रश्न:
मी दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात प्रेझेंटेशनमध्ये एका आकृतीवर अडखळले. सर म्हणाले, "तयारी नव्हती तर उभं कशाला राहायचं?" कुणी हसलं नाही, सगळे खाली बघत बसले. तेच जास्त लागलं. पहिल्या वर्षी याच सरांनी माझी वही कौतुकाने वर्गात सगळ्यांना दाखवली होती. आता त्यांच्या तासाच्या आदल्या रात्री झोप येत नाही. शंका असते, पण हात वर जात नाही. दोन तास बुडवले. मी फार हळवी आहे का?

उत्तर १:
नाही गं. मी अकरा वर्षं शिकवतोय. ज्याच्या हातात मार्क असतात, त्याचं बोलणं मित्राच्या बोलण्यापेक्षा कितीतरी जड पडतं. त्यात ज्यांनी शाबासकी दिली त्यांनीच टाकून बोलावं, म्हणजे आधीची शाबासकीही खोटी वाटायला लागते. गॅलप ही सर्वेक्षण संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या 30,000 हून अधिक पदवीधरांना विचारलं होतं. शिक्षकांना आपली काळजी होती असं ज्यांना ठामपणे वाटत होतं, ते पुढे नोकरीतही जास्त मन लावून काम करताना दिसले. एवढा लांबवर जातो हा धागा.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. म्हणाली, "सर, त्या दिवशी तुम्ही असं म्हणालात." मला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. ती तीन आठवडे ते घेऊन फिरत होती. मी माफी मागितली, पण ती आली नसती तर मला कळलंच नसतं. म्हणून सांगतो, जा. तास सुटल्यावर दारात गाठू नकोस, वेळ मागून घे. सुरुवात अभ्यासापासून कर: "त्या आकृतीत माझं नेमकं काय चुकलं?"

उत्तर २:
मी गेले होते, माझे सर बदलले नाहीत. पण दुसऱ्या विषयाच्या मॅडमनी ऐकून घेतलं, त्यावर ते वर्ष निघालं. सगळ्याच शिक्षकांशी जमायला हवं असं नाही, एक माणूस पुरतं. आणि झोप जाऊन महिना होत आलाय ना? मग समुपदेशकांना भेटच, सरांचं काहीही होवो.

प्रश्नकर्ती:
सरांना मेल केला. गुरुवारी दुपारी बोलावलंय. प्रश्न कागदावर लिहून ठेवलाय, ऐनवेळी तोंडातून शब्द फुटला नाही तर वाचून दाखवेन. समुपदेशकांची वेळ सोमवारची मिळालीय.