मदत हवी आहे: 'द लास्ट वॉल्ट्झ'च्या डीव्हीडीशी गिटारचा सूर जुळत नाही

द बँड या गटाची निरोपाची मैफल 25 नोव्हेंबर 1976 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये झाली. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी तिच्यावर केलेला 'द लास्ट वॉल्ट्झ' हा सिनेमा समोर लावून गाणी बसवायची आहेत. माझी डीव्हीडी पाल या टीव्ही-पद्धतीची आहे आणि ती लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावतो. 440 हर्ट्झला लावलेली गिटार सीडीच्या संचाशी बरोबर जुळते, पण सिनेमा तिच्यापेक्षा चढा वाजतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा अर्धा सूर चढवणारा चिमटा) लावला की उलट गिटारच चढी होते. सिनेमा 117 मिनिटांचा असायला हवा, माझा 112 मिनिटांतच संपतो. गाणी कापलेली दिसत नाहीत. डिस्क सदोष आहे का? नवीन न घेता काही करता येईल का?

आणखी दोन शंका. 'फर्दर ऑन अप द रोड'मधला सोलो एरिक क्लॅप्टन यांचा नेमका कुठपर्यंत आहे? आणि 'मॅनिश बॉय'मध्ये गायक मडी वॉटर्स सोडून बाकीच्यांचे हात जवळपास दिसतच नाहीत, ते का?

प्रतिसाद: सहावी तार

डिस्क ठणठणीत आहे. 112 मिनिटांतच तुमचं उत्तर आहे. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित झालाय आणि पाल डीव्हीडी 25 चौकटींनी पळते. म्हणजे वेग सुमारे 4 टक्के जास्त. 117 ला 24 ने गुणून 25 ने भागा, 112 येतील. आवाजही त्याच वेगाने पळत असल्यामुळे सूर 71 सेंट चढतो (अर्धा सूर म्हणजे 100 सेंट), म्हणजे अर्ध्या सुराला 29 सेंट कमी. म्हणून कॅपोशिवाय सिनेमा चढा आणि कॅपो लावल्यावर गिटार चढी.

काही पाल डिस्कवर सूर दुरुस्त करून घेतलेला असतो, फक्त वेग जास्त राहतो. तुमच्याकडे सूरही चढलाय, तेव्हा दोन्ही एकदमच खाली आणायचे.

व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली टाइम स्ट्रेचिंगची खूण आधी काढा. ती तशीच राहिली तर वेग कमी होतो पण सूर जागचा हलत नाही, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. मग 'ऑल' सेटिंग्ज उघडून इनपुट अँड कोडेक्समध्ये प्लेबॅक स्पीड 0.96 करा, सेव्ह करा आणि व्हीएलसी बंद करून पुन्हा सुरू करा. कीबोर्डने वेग बदलू नका, त्याच्या पायऱ्या मोठ्या आहेत.

फक्त आवाजाची फाइल हवी असेल तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये चेंज स्पीड अँड पिच निवडून उणे 4.000 टक्के द्या. चेंज टेम्पो किंवा चेंज पिच नको, त्यात दोहोंपैकी एकच बदलतं.

टीव्हीवरच्या साध्या प्लेअरला ही सोय नसते. तिथे कॅपो पहिल्या फ्रेटवर ठेवा आणि ट्यूनरचं कॅलिब्रेशन 440 ऐवजी 433 करून तारा लावा. बोटांच्या जागा मूळच्याच राहतात. ताल मात्र 4 टक्के जलदच राहणार. गिटार 458 पर्यंत चढवायच्या भानगडीत पडू नका, बहुतेक क्लिप ट्यूनर तिथवर जातच नाहीत आणि तारांवर उगाच ताण येतो.

सूर तपासायला गटातल्या गार्थ हडसन यांचा लॉवरी ऑर्गन धरू नका. पायाच्या स्विचने ते सूर मुद्दाम खाली घसरवतात आणि परत आणतात. रिचर्ड मॅन्युएल यांचा पियानो धरा.

प्रतिसाद: जुनी रिळं

सोलोबद्दल. क्लॅप्टन यांनी सुरुवात केली आणि थोड्याच वेळात त्यांच्या गिटारचा खांद्यावरचा पट्टा सुटला. चित्रात गिटार खाली घसरताना स्पष्ट दिसते. त्याच क्षणी द बँडचे गिटारवादक रॉबी रॉबर्टसन यांनी सोलो उचलला, ताल कुठेच तुटला नाही. पट्टा सुटतो तिथे वहीत रेघ मारा आणि पुढचा भाग रॉबर्टसन यांचा म्हणून लिहा. मग क्लॅप्टन परततात. दोघांच्या वाजवण्यात फार फरक आहे: क्लॅप्टन यांचा स्वर लांब आणि गोल, रॉबर्टसन तारेला चिमटे काढल्यासारखे वाजवतात. त्यांच्या ब्रॉंझ रंगाच्या स्ट्रॅटोकास्टरवर मधला पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) हलवून ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे, बसवलेला होता, त्यामुळे नेहमीच्या स्ट्रॅटवर मधल्या पिकअपने तो आवाज शोधत बसू नका. ब्रिजकडून सुरुवात करा.

'मॅनिश बॉय'चं कारण रिळांमध्ये आहे. चित्रण 35 मिमीवर होतं आणि 1000 फुटांचं रीळ जेमतेम 11 मिनिटं चालतं. कुठल्या गाण्याला कुठला कॅमेरा चालू ठेवायचा हे आधीच ठरवलेलं होतं. मडी वॉटर्स आले तेव्हा छायाचित्रकारांपैकी एकट्या लास्लो कोव्हाच यांचाच कॅमेरा फिरत होता. त्यामुळे कापायला दुसरी चौकटच नाही. माझ्या मते त्यातूनच सिनेमातला सर्वांत ताकदीचा तुकडा झालाय, पण हात पाहण्यासाठी तो निरुपयोगी आहे. हातांसाठी 'इट मेक्स नो डिफरन्स' घ्या.

एक सावधगिरी: मैफलीनंतर स्टुडिओत बरंच पुन्हा वाजवलं गेलं. हात आणि आवाज एकमेकांशी जुळले नाहीत तर कानावर विश्वास ठेवा. 'द वेट' आणि 'इव्हँजलिन' तर एमजीएमच्या स्टुडिओत वेगळी चित्रित केली आहेत. गाण्यांचा क्रमही मैफलीचा नाही. सिनेमा ज्याने सुरू होतो ते 'डोन्ट डू इट' त्या रात्री सगळ्यात शेवटी झालं होतं.

धागाकर्ता

0.96 केलं. लॅपटॉपच्या स्पीकरवर सूर तंतोतंत जुळला, मनापासून आभार. पण एचडीएमआयने ॲम्प्लिफायरला जोडलं की आवाज अडखळतो.

प्रतिसाद: सहावी तार

पासथ्रू चालू असणार. त्यात डॉल्बीचा प्रवाह न उलगडता तसाच पुढे जातो आणि त्याचा वेग बदलता येत नाही. ऑडिओ सेटिंग्जमध्ये पासथ्रू बंद करा, म्हणजे लॅपटॉपच आवाज उलगडून पाठवेल. शक्यतो स्टिरिओ ट्रॅक निवडा.

पुढे कधी डिस्क बदलणार असाल तर क्रायटेरियन या कंपनीची 2022 ची 4के डिस्क घ्या, तिच्यात वेगाची ही भानगड नाही. 4के डिस्कला प्रदेशाचं बंधन नसतं, पण सोबतची ब्लू-रे ए विभागाची असते आणि भारत सी विभागात येतो. प्लेअर 4केचा नसेल तर आधी तो सगळ्या विभागांच्या डिस्क वाजवतो का, हे विचारून घ्या.