भोपळ्याच्या शेतातला ऑक्टोबर : तुमचे अनुभव लिहा

नेपरव्हिल, इलिनॉय

ऑक्टोबर लागला की इथल्या शेतांच्या फाटकांवर केशरी भोपळ्यांचे ढीग दिसायला लागतात आणि आमच्या घरी "कधी जायचं?" सुरू होतं. गेली नऊ वर्षं आम्ही जातोय. ट्रॅक्टरमागे गवताच्या गठ्ठ्यांवर बसून फेरी, मक्याचा चक्रव्यूह, शेळ्यांना चारा, गरम सायडर डोनट आणि शेवटी वेलावरून आपल्या हाताने काढलेला भोपळा. ह्या वर्षी बाबा बरोबर होते, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हीही लिहा. कुठे गेलात, मुलं कशात रमली, घरातली मोठी माणसं आली होती का, आणि त्या भोपळ्याचं पुढे काय केलंत? आधी माझं सांगते.

बाबा फलटणजवळ आयुष्यभर शेती करत आलेत. ऊस, ज्वारी आणि बांधावर डांगराचे, म्हणजे लाल भोपळ्याचे वेल. नातवंडं गाडीतून उड्या मारून पळाली, पण बाबा उतरले तिथेच वाकले आणि मातीचं ढेकूळ उचलून बोटांत चुरून पाहायला लागले. काळीभोर, भुसभुशीत जमीन. ट्रॅक्टर चालवणारे सत्तरीचे गृहस्थ शेताचे मालकच होते. बाबांचे प्रश्न मी इंग्रजीत सांगायचे, त्यांची उत्तरं मराठीत. पेरणी कधी? मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. त्याआधी दंवाची भीती आणि त्यानंतर टाकलेलं बी ऑक्टोबरपर्यंत फळ धरून पिकत नाही. पाणी? बहुतेक पावसाचंच. मधमाश्यांच्या पेट्या ठेवता का? ठेवतात, कारण मादी फूल एकच सकाळ उघडं असतं, दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्यात माशी आली नाही तर फळ नाही.

मग बाबांनी एका भोपळ्याच्या सालीवर अंगठ्याचं नख दाबलं. ते पाहून त्या गृहस्थांनी ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले आणि शेजारच्या भोपळ्यावर तसंच नख दाबून दाखवलं. नख रुतलं नाही की फळ पक्कं. त्यानंतर पुढची वीस मिनिटं दोघं ओळीतून चालत फळं दाखवत होते आणि माझी कुणालाच गरज लागली नाही.

त्यांनीच सांगितलं की अमेरिकेत डबाबंद विकला जाणारा बहुतेक भोपळा आमच्याच राज्यातला, मॉर्टन गावाच्या आसपासचा. आणि तो केशरी नसतोच! डिकिन्सन नावाचा, लांबट, फिक्या मातकट सालीचा असतो. हॅलोविनच्या सणाला डोळे-तोंड कोरून आत मेणबत्ती लावतात ते भोपळे वेगळ्या जातीचे. हा मातकट भोपळा आपल्याकडच्या लाल भोपळ्याच्या जातीतला. बाबांनी मुलांच्या केशरी भोपळ्यांकडे पाहिलंही नाही. शोधून शोधून एक चपटा, मातकट, चाकासारखा दिसणारा चीज पंपकिन उचलला. उचलला म्हणजे दोन्ही हातांनी, खालून. देठाला धरून उचलणाऱ्या माझ्या लेकाला त्यांनी लगेच थांबवलं, कारण देठ मोडला की तिथूनच फळ सडायला लागतं.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्या सासूबाई वर्ध्याच्या. त्यांच्यासाठी हे कोहळंच, भोपळा म्हणजे दुधी. पहिल्या वर्षी मी शेतावरून आणलेलं मोठं केशरी कोहळं त्यांच्यापुढे ठेवलं आणि गुळातली गोड बोंडं करा म्हटलं. कापायच्या आधी त्यांनी मुलाला हाक मारली. त्यांच्या माहेरी-सासरी अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरी बाई घालत नाही. ऑफिसची मीटिंग अर्धी सोडून हे खाली आले, पहिला काप दिला आणि परत वर गेले. मला ही प्रथा पटत नाही, तसं मी त्यांना सांगितलंही होतं. पण त्या दिवशी नव्वदीकडे झुकलेली आई आणि साठीचा मुलगा स्वयंपाकघरात एका कोहळ्यासमोर उभे होते, ते दृश्य मनात राहिलंय.

बोंडं मात्र बिघडली. कोरायचं कोहळं पाणचट आणि धाग्याधाग्यांचं असतं. गुळात शिजवलं तर पाणीच पाणी, आणि कणीक घालत राहिलो तर चव गेली. आता आम्ही लहान शुगर पंपकिन किंवा वर लिहिलाय तसला चीज पंपकिनच आणतो. किसून गुळात आटवायचं, गार झाल्यावर मावेल तेवढीच कणीक, वेलदोडा, मिठाची कणी, आणि मंद आचेवर तळायचं. पीठ सैलसर हवं, हाताने सोडता येईल इतकं.

पुण्याहून, सध्या मिलपिटस

वरच्या ताईंसाठी: त्याच गुळातल्या किसात कणकेबरोबर थोडं तांदळाचं पीठ आणि गरम तेलाचं मोहन घातलं की आमचे घारगे. थापताना वर खसखस. डब्यात चार दिवस सहज राहतात, शेतावर न्यायला उत्तम.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

२०२३ साली मुलांना एक दिवस शाळा बुडवायला लावून आम्ही हाफ मून बेला महाभोपळ्यांचं वजन पाहायला गेलो. तिथला भोपळा महोत्सव १९७१ पासूनचा, आणि वजनाची स्पर्धा महोत्सवाच्या आधीच्या सोमवारी असते. सकाळी साडेसहाला निघा, नाहीतर डोंगरातल्या ९२ नंबरच्या रस्त्यावर तासन् तास जातात.

एवढे भोपळे गोल नसतात. स्वतःच्याच वजनाने बसलेले, एका बाजूला कललेले, पीठ सैल झालेल्या गोळ्यासारखे. फोर्कलिफ्टने पट्ट्यांत उचलून काट्यावर ठेवतात आणि आकडा स्थिर होईपर्यंत सगळं मैदान गप्प. त्या वर्षी ट्रॅव्हिस गिंजर ह्या मिनेसोटाच्या बागकाम-शिक्षकाचा भोपळा २,७४९ पौंड भरला. म्हणजे १,२४७ किलो, आणि तेव्हाचा जागतिक विक्रम. निम्मा देश ओलांडून तो भोपळा गाडीवर आणला होता. रस्त्यात एक आरपार भेग पडली असती तर स्पर्धेतून बाद. माझी मुलगी आकडा ऐकून ओरडली नाही, तिने विचारलं, "त्यांना रात्री झोप लागली असेल का?" भर वाढीच्या दिवसांत हे फळ दिवसाला पंधरा-वीस किलोंनी वाढतं. रोज पाणी, रोज पांघरूण, उन्हात सावली. लेकरासारखं सांभाळावं लागतं हे तिला आपसूक कळलं होतं.

हॅलिफॅक्स, नोव्हा स्कोशिया

ह्या महाभोपळ्यांचं मूळ आमच्याकडे आहे, हे अभिमानाने सांगते! इथून तासाभरावरच्या विंडसर गावात हॉवर्ड डिल ह्या शेतकऱ्याने 'अटलांटिक जायंट' वाण तयार केलं. आज विक्रम करणारे भोपळे त्याच बियांच्या वंशातले.

त्याच विंडसरमध्ये १९९९ पासून भोपळ्यांच्या होड्यांची शर्यत सुरू झाली. आम्ही पाहिली ती २०१७ची. भला मोठा भोपळा वरून कापायचा, आतला गर काढून टाकायचा, माणसाने आत बसायचं आणि वल्ही मारत तळं ओलांडायचं. भोपळा सरळ जायचं नाव घेत नाही, जागच्या जागी गरगर फिरतो. काठावर हजारो माणसं, थंडी मी म्हणत होती. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची. लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन भोपळ्यात बसून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट तिने आजीकडून रोज रात्री फोनवर ऐकलेली. बराच वेळ ती एकटक बघत राहिली, मग माझा हात घट्ट धरून काळजीने म्हणाली, "आई, वाघ कुठे लपलाय?" मी तिथूनच सोलापूरला फोन लावला. आईला त्या भोपळ्यांतली माणसं दाखवली. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. "अगं बाई, खरंच बसतात गं!" असं ती तीनदा म्हणाली. पुढच्या वर्षी आई गेली. गोष्ट आता लेक धाकट्याला सांगते, आणि तिच्या गोष्टीत म्हातारी वल्हं मारते.

लुडविग्जबुर्ग, जर्मनी

आमच्याकडे शेताऐवजी राजवाड्याची बाग. २००० सालापासून दर वर्षी ऑगस्टअखेरीपासून निदान नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत भोपळ्यांचं प्रदर्शन असतं, लाखो भोपळे. दर वर्षी एक विषय ठरवून त्यावर लाकडी सांगाड्यांना भोपळे लावून माणसाहून उंच शिल्पं उभी करतात. भोपळ्याच्या जातीच शेकडो: चामखिळीसारखे फोड असलेले, हंसाच्या मानेचे, निळसर राखाडी. आपल्याकडे लहानपणी एकच प्रकार माहीत होता, लाल.

तिथलं भोपळ्याचं सूप मुलांना इतकं आवडतं की आता घरी आठवड्याला होतं. इथे होक्काइडो नावाचा लहान केशरी भोपळा मिळतो, त्याची साल काढावी लागत नाही, सालीसकट मऊ शिजतो. मी त्याला तूप-जिऱ्याची फोडणी देते, वर भाजलेल्या बिया. जवळच्या स्टुटगार्टचं मुंबईशी भगिनी-शहराचं नातं १९६८ पासूनचं आहे, आणि इथल्या कंपन्यांमुळे पुण्याची मंडळी पुष्कळ. रविवारी त्या बागेत मराठी ऐकू आलं नाही असं होत नाही.

हर्शी, पेनसिल्व्हेनिया

मक्याच्या चक्रव्यूहाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आजच्या पद्धतीचा पहिला चक्रव्यूह १९९३ साली आमच्या शेजारच्या अॅनव्हिलला झाला. रोपं लहान असतानाच आराखड्याप्रमाणे वाटा काढून घेतात, म्हणून ऑक्टोबरपर्यंत दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटांच्या भिंती उभ्या राहतात. मका जनावरांच्या चाऱ्याचा असतो, कणसं तोडून खाण्यासारखी नाहीत. ऊन कलल्यावर आत जाऊ नका. आम्ही साडेपाचला गेलो, बाहेर पडेपर्यंत अंधार, धाकटा रडवेला. तेव्हा बारा वर्षांच्या मोठीने त्याला खांद्यावर बसवलं आणि "तू सांग, मी चालते" म्हणाली. त्यानेच वाट काढली. एरवी दोघांचं दिवसभर भांडण असतं.

डॅलस, टेक्सस

आमच्याकडे ऑक्टोबरातही अंगाला घाम. भोपळे येतात ते फ्लॉइडाडाहून, त्या गावाला टेक्ससची भोपळ्यांची राजधानीच म्हणतात. बाळाला टोपी आणि पाणी न्या, बाकी मजा तीच.

बॉथेल, वॉशिंग्टन

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. सात वर्षांचा असताना शनिवारी दुपारी पहिल्यांदा नेलं. गर्दी, लाउडस्पीकर, आणि हवेच्या दाबावर मक्याची कणसं उडवणाऱ्या तोफेचे धडाके. दहाव्या मिनिटाला तो कान दाबून जमिनीवर आडवा पडला. लोक बघत होते. आम्ही त्याला उचलून गाडीत आणलं आणि मी घरी येईपर्यंत रडले. हे आपल्यासाठी नाही, असं ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी त्याच्या शिक्षिकेने सुचवलं, मंगळवारी सकाळी उघडताक्षणी जा. स्नोहोमिशच्या खोऱ्यात गेलो. रात्रभर पाऊस झालेला, चिखल घोट्यापर्यंत, गमबूट घातलेले. आमच्याखेरीज दोनच कुटुंबं. आधी फोन करून विचारलं होतं की तोफ कधी सुरू होते. शनिवार-रविवारीच, असं कळलं. एका पत्र्याच्या छपराखाली वाळूच्या हौदासारखा मक्याच्या दाण्यांचा हौद होता. तो त्यात उतरला, कमरेपर्यंत रुतून बसला आणि ओंजळीने दाणे वर घेऊन सोडत राहिला. पाऊण तास! त्या दाण्यांचा आवाज त्याला आवडला होता. मग त्याने माझी ओंजळ धरली, तिच्यात दाणे भरले आणि माझ्याकडे पाहिलं. तो सहसा असं डोळ्यांत पाहत नाही.

भोपळा त्याने मुठीएवढा निवडला. वर्ष झालं, वाळून टणक झालाय, उशाशी असतो. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी शनिवार टाळा, आधी फोन करा, आणि पहिल्यांदा जमलं नाही तर सोडून देऊ नका.

पुणे

आम्ही २०१९ ला परत आलो. मुलांना सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या गवताच्या गाडीची. आता दर जानेवारीत हुरड्याला जातो. बैलगाडी आहे, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं हातावर चोळून खायची, बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, शेतकऱ्यांना ह्यातून बरं उत्पन्न मिळू शकतं. एक मात्र आपल्याकडे व्हायला हवं. बहुतेक ठिकाणी आम्हाला जेवायला बसवतात, पण पिकात शिरून स्वतःच्या हाताने काही काढू देत नाहीत. मुलांना ते हवं असतं. गेल्या वर्षी एका शेतकरी दादांना विनंती केली, त्यांनी विळा दिला नाही, पण शेजारी उभं राहून हरभऱ्याचे डहाळे उपटू दिले. परतताना दोघांच्या मुठी मातीने भरलेल्या होत्या.

नेपरव्हिल, इलिनॉय

सगळ्यांचं वाचलं. बॉथेलच्या ताई, तुमचं मी मुलांना वाचून दाखवलं.

भोपळ्यांचं पुढे काय झालं ते सांगते. हॅलोविननंतर कचऱ्यात टाकवत नाही. आमच्या ड्यूपेज काउंटीत 'स्केअर्स' ही संस्था नंतरच्या शनिवारी भोपळे गोळा करते आणि त्यांचं कंपोस्ट होतं. मुलांना ते उंचावरून आपटून फोडायला मिळतात म्हणून रांग लागते. मेणबत्ती आणि चिकटवलेल्या टिकल्या काढून न्यायच्या, रंगवलेले चालत नाहीत.

बाबांनी निवडलेला तो चपटा भोपळा मात्र बेसमेंटमध्ये पुठ्ठ्यावर ठेवला होता, गार आणि कोरड्या जागी. बाबा नोव्हेंबरमध्ये परत गेले आणि दर रविवारी फोनवर आधी त्याचीच चौकशी. काल भोगी होती. बाहेर उणे चौदा. मी तो वर आणला, फोन समोर उभा केला आणि वर्ध्याच्या आजींची आठवण काढून बाबांना म्हटलं, पहिली सुरी तुम्ही घाला. ते म्हणाले, "मी सांगतो तिथं तू घाल. देठाच्या बाजूनं, आडवी." आत गर्द केशरी, कुठे डाग नाही. निम्मा भोगीच्या भाजीत गेला, निम्म्याचे घारगे झाले. जेवणं झाल्यावर बाबांचा पुन्हा फोन आला.

"बिया टाकल्या नाहीस ना?"

धुऊन वर्तमानपत्रावर वाळत घातल्यात.