मेल थेट स्पॅममध्ये जातायत, पाठवायची सेवा बदलावी का?

चित्रवेडी: आम्ही ऑनलाइन चित्रकलेचे वर्ग घेतो. नव्या तुकडीची माहिती मेलने कळवतो, तीही स्वतःहून नाव नोंदवलेल्यांनाच. तरी हल्ली बरेच जण म्हणतात, "मेल स्पॅममध्ये सापडला." विषयातून 'मोफत', 'सवलत' काढून पाहिलं, काही फरक नाही. सेवाच बदलावी का? जाणकारांनी कृपया सांगावं.

अक्षरमित्र: इतक्यात बदलू नका. स्वतःच्या जीमेलवर तो मेल मागवा, तीन टिंबांवर दाबून 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला परवानगी आहे का), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हींचा पाठवणाऱ्याच्या नावाशी मेळ) या तीन तपासण्यांपुढे काय लिहिलंय ते इथे सांगा. शब्दांच्या मागे लागू नका, मेल खरंच तुमच्याकडून आलाय का हे आधी तपासलं जातं.

चित्रवेडी: पाहिलं. एसपीएफ पास. डीकेआयएमही पास, पण तिथे सेवा देणाऱ्या कंपनीचं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं ते नाव) दिसतंय. डीमार्कची ओळच नाही.

अक्षरमित्र: मग दुखणं तिथेच आहे. सही दुसऱ्याची आणि पाठवणारे म्हणून नाव तुमचं. डीमार्क ही दोन्ही डोमेन जुळतात का तेच बघतं. सेवेच्या सेटिंगमध्ये 'डोमेन ऑथेंटिकेशन' असं काहीतरी असेल. तिथे मिळणाऱ्या नोंदी तुमच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवायच्या जागी, टाका. मग डीमार्कची नोंद करा, सुरुवातीला धोरण 'नन' (नापास मेलवर कारवाई नको) ठेवा आणि अहवाल मागवा. सगळे खरे मेल पास होतायत अशी खात्री पटली की 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये टाका) करा. एक जपा: एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या तर तपासणी फसते.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलंय. जीमेलच्या लेखी दिवसाला 5,000 मेल म्हणजे घाऊक, पण कमी पाठवत असाल तरी करून ठेवा.

सांजवेळ: वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते खरी मेख यादीत असते. जीमेल म्हणतं, स्पॅमच्या तक्रारी 0.1 टक्क्याच्या आत ठेवा, 0.3 पर्यंत कधीच जाऊ देऊ नका. म्हणजे हजार मेलमागे तिघांनी 'स्पॅम' दाबलं की संपलं! म्हणून 'अनसबस्क्राइब' तळाशी फिकट, बारीक अक्षरांत लपवू नका. ज्याला जायचंय त्याला ते सापडलं नाही, तर तो स्पॅमचं बटण दाबतो, कारण ते समोरच असतं. एका क्लिकमध्ये नाव निघायला हवं.

आणि विकतची यादी कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. त्यात स्पॅम पाठवणारे पकडायला मुद्दाम पेरलेले पत्ते असू शकतात.

चित्रवेडी: जे मेल उघडतच नाहीत त्यांचं काय? इतकी नावं काढायला जीव होत नाही हो.

सांजवेळ: काढाच. आधी एकदा विचारा, "मेल येत राहू देत का?" उत्तर नाही आलं तर थांबवा. मात्र नुसत्या 'ओपन'वर विसंबू नका. ॲपलच्या मेल ॲपमध्ये 2021 पासून गोपनीयतेची अशी सोय आहे, की ती चालू असेल तर न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. क्लिक आणि आलेली उत्तरं बघा.

अक्षरमित्र: आणि 'प्रमोशन्स' टॅबमध्ये गेलेला मेल स्पॅममध्ये धरू नका, तो इनबॉक्सचाच भाग आहे. सेवा बदलायचा विचार नोंदी नीट होऊन काही मेल गेल्यावर करा. तेव्हाही बदललीत, तर नव्या सेवेवरून पहिल्याच दिवशी पूर्ण यादीला पाठवू नका. नेहमी क्लिक करणाऱ्यांपासून सुरुवात करा, मग हळूहळू वाढवा.