मदत हवी आहे: मुलीच्या किडनीचा आनुवंशिक आजार आणि घरात ठरलेली दुसरी सोयरीक

आम्ही परभणी जिल्ह्यातले, सेलूकडचे. मुलगी 11 वर्षांची. दोन वर्षं झाली, रात्री तीन-तीनदा उठून पाणी प्यायची, अंथरूण ओलं करायची. आम्ही रागवायचो, उशाचा तांब्यासुद्धा उचलून ठेवला होता. उंची वाढेना, चेहरा पांढराफटक. जंताचं औषध झालं, टॉनिक झालं. शेवटी हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं तेव्हा सगळं तपासलं, तर क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनी कमी काम करते) 3.8. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत बारीक सिस्ट, म्हणजे पाण्याचे फोड. एका ठिकाणी ‘पॉलिसिस्टिक’ लिहून दिलं. संभाजीनगरचे किडनीचे डॉक्टर म्हणाले, त्यात किडनी फुगते, ही तर आकसलीय. जनुकीय तपासणीत नेफ्रोनोफ्थायसिस निघालं. एनपीएचपी1 जनुकाचा तुकडा दोन्ही प्रतींत गायब; एक प्रत माझ्याकडून, एक तिच्या आईकडून.

आता खरा पेच. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क धरतात. आणि माझ्या धाकट्या भावाची सोयरीक बायकोच्या धाकट्या बहिणीशी ठरलीय, तुळशीचं लग्न लागलं की बार उडवायचा. मी आईला म्हणलं, जरा थांबा. आई म्हणते, “माझ्या भावाच्या लेकी वाईट निघाल्या का?” मामांनी तर बोलणंच सोडलं. बायको दोन्हीकडून कात्रीत.

त्या दोघांच्या लेकरांना किती धोका? आम्हाला पाच वर्षांचा मुलगाही आहे, त्याचं तपासावं का? बायको किडनी द्यायला तयार आहे, पण तिच्यातही तोच दोष ना? आणि सगळे सांगतात मीठ बंद करा, पाणी मोजून द्या. डॉक्टरांची तारीख 20 दिवसांनी आहे.

मांजराकाठ: आमच्या सासुरवाडीला लातूरकडं हाच आजार. सासरे, मेहुणा, आता मेहुण्याचा मुलगा. मीठ आजच तोडा.

नांदेडचा लॅबवाला: मांजराकाठ, तुमच्याकडचा वेगळा. तो एका पालकाकडून आला तरी होतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दिसतो आणि बहुतेकदा मोठेपणी कळतो. यांचा दोन्हीकडून यावा लागतो, म्हणून घराण्यात कुणी ऐकलेलाही नसतो. या आजारात किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, बऱ्याच मुलांत मीठही लघवीतून वाहून जातं. लेकरू पाणी पितं ते हट्टानं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी तोडू नका, मीठ बंद करू नका, आणि त्यासाठी 20 दिवस थांबू नका, उद्याच फोन करा. दुखण्याच्या गोळ्या नि गावठी काढे लांब ठेवा. डोळ्यांचा पडदाही एकदा दाखवा, काही मुलांत तिथंही बिघाड असतो.

आता सोयरीक. हा दोष तुमच्या आजोळच्या आजी-आजोबांपैकी एकाकडून आई आणि मामा दोघांत उतरला असणार. म्हणजे भाऊ वाहक असण्याची (दोष एकाच प्रतीत असण्याची) शक्यता निम्मी, मेहुणीचीही निम्मी. दोघंही निघण्याची चारात एक. तसं झालं तर प्रत्येक बाळंतपणाला लेकराला आजार होण्याची शक्यता पुन्हा चारात एक. दोघांपैकी एक जरी कोरा निघाला तर या आजाराची काळजी मिटली. कुठला तुकडा शोधायचा ते माहीत आहे, तेवढंच दोघांचं तपासायचं. सोयरीक मोडायची भाषा आधी नकोच, आईंना ती भावावरच आलेली वाटते.

मुलालाही तो धोका चारात एक आहे, त्रास नसला तरी दाखवाच. वाहक म्हणजे आजारी नव्हे, त्यामुळे आईची किडनी आपोआप बाद होत नाही. तपासण्या नीट आल्या तर चालू शकते, आणि नव्या किडनीत हा आजार परत होत नाही.

धागाकर्ता: फोन केला, डॉक्टर म्हणाले पाणी मोजू नका, तहानेइतकं पिऊ द्या, मिठाचं काय ते रक्त तपासून सांगतो. भाऊ सोमवारी रक्त द्यायला येतोय. मेहुणीनं बायकोला आपणहून मेसेज केला, ताई मलाही ने. मामांना अजून कुणी सांगितलेलं नाही. तांब्या पुन्हा पोरीच्या उशाला ठेवलाय.