कुत्र्याचं पिल्लू चावलं आणि चौथ्या दिवशी मेलं. पार्व्होच असेल का?

मुलाची आई (गुरुवार, सकाळ)
घाईत लिहितेय. माझ्या आठ वर्षांच्या मुलानं शाळेतून येताना उसाच्या बांधावरून दीडेक महिन्याचं पिल्लू उचलून आणलं. रविवारी दूध पाजताना ते त्याच्या उजव्या अंगठ्याला चावलं. सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके आणि थेंबभर रक्त. मी नळाखाली हात धरला, सासूबाईंनी हळद दाबली. मंगळवारपासून पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली, काल संध्याकाळी ते मेलं. शेजारचे भाऊजी म्हणतात, पार्व्हो म्हणजे कुत्र्यांचा उलट्या-हगवणीचा आजार झाला होता, तो माणसाला होत नाही, आणि एवढ्याशा पिल्लाला रेबीज कुठला! सासूबाईंना पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती. पोरगा खेळतोय, पण मी रात्रभर त्याचा अंगठा बघत बसले होते. त्याच्या तळपायावर एक लाल, वळणावळणाची रेघही उठलीय, फार खाजते म्हणतो. तीही पिल्लामुळेच का?

पशुधन पर्यवेक्षक
ताई, कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही, एवढं भाऊजींचं खरं. लक्षणंही पार्व्होसारखी वाटतात. पण नुसतं बघून कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि एका पिल्लाला दोन आजार असूच शकतात. पिल्लाच्या आईला किंवा त्या पिल्लाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं का, हे तुम्हाला कुठं ठाऊक आहे? वय लहान म्हणून रेबीज नाही, असं कधीच धरू नका. पायावरची रेघ बहुधा कुत्र्याच्या आतड्यातल्या अंकुशकृमीच्या अळीची असावी. विष्ठेतून अंडी मातीत पडतात, अळी अनवाणी पायातून कातडीत शिरते आणि तिथंच सरकत राहते. औषधानं बरी होते, तीही डॉक्टरांना दाखवा. पण आधी अंगठा.

निवृत्त आरोग्य सेविका
पोरी, हे वाचून झालं की फोन ठेव, पोराचा अंगठा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुव आणि त्याला घेऊन निघ. बाकीचं वाटेत वाच.

कातडी फोडून रक्त आलं म्हणजे ही तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या श्रेणीची जखम. ठिपका केवढा, याला महत्त्व नाही. लस तर हवीच, शिवाय जखमेत आणि जखमेभोवती सिरम भरावं लागतं. लस अंगात काम करायला वेळ घेते, तोवर सिरम विषाणूला तिथंच अडवतं. पहिल्या लसीबरोबरच ते मिळालं तर उत्तम. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिरम नसेल तर लस तिथंच घे आणि सिरमसाठी त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालय गाठ. चार दिवस झाले म्हणून उशीर झाला असं समजून घरी बसू नकोस. अंगठा रविवारीच पंधरा मिनिटं धुवायला हवा होता. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही.

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात, ते कुत्रं त्या दिवसांत मरतं का हे कळावं म्हणून. तुझं पिल्लू चौथ्याच दिवशी गेलंय. आता वाट कशाची बघायची?

सासूबाईंना माझा निरोप सांग. ती चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लसीची होती. ती लस आपल्याकडे 2005 पासून बंद आहे. आता सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर कातडीत एकेक बारीक सुई, तीही चारच दिवस: पहिल्या दिवशी, मग तिथून पुढं तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या.

माझ्या नोकरीत मी रेबीजचा एकच रुग्ण पाहिला. ऊसतोडणीला आलेला तरणा गडी. दोन महिन्यांपूर्वी पोटरीला कुत्रं चावलेलं, चुना लावून जखम भरलेली. तहानेनं व्याकूळ होऊन त्यानं स्वतः पाणी मागितलं. तांब्या ओठाजवळ नेला आणि त्याचा गळा असा आवळला की तांब्या भिंतीवर जाऊन आदळला. लक्षणं सुरू झाल्यावर आमच्या हातात काही उरलं नव्हतं. त्याची बायको मला विचारत होती, जखम तर बरी झाली होती ना, बाई?

घरात आणखी कुणाच्या हाताला भेगा किंवा जखम असेल आणि पिल्लाची लाळ लागली असेल, तर त्यांनाही सोबत ने.

मुलाची आई (शुक्रवार, रात्र)
सिस्टर, काल ट्रॅक्टरचं काम सोडून हे आले, पण केंद्रात लस संपली होती. आज पहाटेच्या एसटीनं उपजिल्हा रुग्णालयात गेलो. पहिली लस झाली, अंगठ्यात सिरमही भरलं. त्यावेळी पोरगा ओरडला, मी तोंड फिरवलं. धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं. सासूबाईंच्या हाताला भेगा आहेत आणि पिल्लाचं तोंड त्याच पुसायच्या. डॉक्टरांनी त्यांनाही लस सुरू केली. आधी नको म्हणाल्या, मग दंडावर सुई टोचून झाल्यावर विचारतात, एवढंच? पायाच्या रेघेसाठी गोळ्या दिल्यात.

निवृत्त आरोग्य सेविका
आता दिनदर्शिकेवर लाल पेनानं खूण कर: येता सोमवार, येता शुक्रवार, आणि आजपासून चार आठवड्यांनी येणारा शुक्रवार. शेवटची लस लोक हमखास विसरतात. केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेव. पुढं कधी पुन्हा कुत्रं चावलं तर तो दाखव, मग दोनच दिवस लस लागते आणि सिरम लागत नाही. सासूबाईंच्या तारखाही त्याच, त्यांचाही केसपेपर त्याच पिशवीत ठेव.