मदत हवी आहे: १८९६च्या मुंबईवरची मालिका, पहिला एपिसोड कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं डेली सोपचे संवाद लिहितोय. कथा-पटकथा पहिल्यांदाच हातात आली आहे. विषय मुंबईतला प्लेग, आणि घर म्हणजे लालबागच्या चाळीतली गिरणी कामगाराची एक खोली. पहिल्या एपिसोडचे तीन ड्राफ्ट झाले, पण एकही मनासारखा नाही.

चॅनेलचं म्हणणं, मांडवीत डॉक्टरांपासून सुरू करा. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६मध्ये तिथेच हा रोग ओळखला, त्यामुळे गोष्ट पटकन उभी राहते हे खरं. पण मग डॉक्टर शहाणे आणि चाळकरी अडाणी, हा रंग पहिल्याच दिवशी चढतो. पुढे ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर (आजचं कस्तुरबा) हल्ला केला. तिथवर पोचेन तेव्हा प्रेक्षकाला ती माणसं माथेफिरू वाटली, तर माझी मालिका वाया गेली. घरातल्या माणसाला उचलून नेतील आणि तो परत यायचा नाही, ही त्यांची भीती आत कळायला हवी.

म्हणून मला रविवारपासून सुरू करायचंय. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९०पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा थोरला भाऊ घरी आहे. धाकटा मांडवीत धान्याच्या वखारीत हमाल. तो येतो, पाटावर बसतो, घास उचलताना कळवळतो. काखेत गाठ. वहिनी म्हणते, "गोणी उचलून अवधाण आलं असंल," आणि हळद गरम करून लेप लावते. चिमणी विझते, एपिसोड संपतो. प्लेग हा शब्द कुणाच्या तोंडी नाही.

आता अडलंय ते उंदरापाशी. सकाळी वखारीत गोण उचलल्यावर खाली मेलेला उंदीर दिसतो, धाकटा शेपटीला धरून तो गटारात फेकतो. हा शॉट तिन्ही ड्राफ्टमध्ये आहे, माझा जीव आहे त्याच्यावर. पण उंदरांवरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८मध्ये. पात्रांना काहीच ठाऊक नाही, प्रेक्षकाला मात्र त्या क्षणी सगळं कळतं, आणि मग तो वहिनीचा लेप कीव करत बघतो. शॉट ठेवू, शेवटी नेऊ, की काढून टाकू?

दुसरं भाषेचं. एकाच चाळीत कोकणातली आणि घाटावरची बिऱ्हाडं आहेत, सगळ्यांच्या तोंडी एकसारखं 'व्हय जी' मला घालायचं नाही. माझी आजी प्लेग म्हणायची नाही, 'गाठीचा ताप' म्हणायची. तुमच्या घरात पणजोबा-पणजीच्या तोंडचे असे कुठले शब्द राहिलेत? गिरणीतले, दुखण्याखुपण्याचे, खोलीतल्या रोजच्या वापरातले, अगदी एखाददुसरा आठवला तरी कुठल्या गावचा ते लिहून नक्की सांगा. ड्राफ्ट सोमवारी द्यायचाय.