बूटलोडर पुन्हा लॉक होत नसेल, तर तो फोन सुरक्षित म्हणायचा का?

उंबरठा: माझी मामेबहीण वकील आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस घेते. अशिलांचे पत्ते, जखमांचे फोटो, सगळं तिच्या फोनमध्ये. मी तिला वापरलेला पिक्सेल ७ए घेऊन त्यावर ग्राफीनओएस (पिक्सेलवर चालणारी, सुरक्षेवर भर देणारी अँड्रॉइडवर आधारित सिस्टिम) टाकून दिलं. घरात सगळ्यांचं म्हणणं, "एवढा खर्च कशाला? आहे त्याच फोनवर लिनिएजओएस टाक, तेही ओपन सोर्सच." लिनिएज हीसुद्धा अँड्रॉइडवर आधारित सिस्टिम, आणि ओपन सोर्स म्हणजे जिचा कोड सगळ्यांना बघता येतो अशी. पण मला हे पटत नाही. लिनिएज बहुतेक फोनांवर बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्राम) उघडा ठेवूनच चालतं. दहा मिनिटं फोन हाती लागला, तर कुणी त्यात बदललेली सिस्टिम घालू शकतो आणि पुढच्या वेळी तुम्ही पिन टाकाल तो त्याच्याकडे जाईल. ग्राफीन टाकल्यावर बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो. मग फेरफार केलेली सिस्टिम सुरूच होत नाही. शिवाय १८ तास फोन उघडला नाही तर तो आपोआप रीस्टार्ट होतो आणि डेटा पुन्हा पूर्ण कुलूपबंद. कुणी धमकावून पिन मागितला तर सगळं पुसून टाकणारा वेगळा पिनही ठेवता येतो.

सांजवारा: तुमच्या बहिणीपुरतं ठीक. पण त्यावरून लिनिएजला नावं ठेवू नका. माझ्या फोनला कंपनीने अपडेट देणं कधीच थांबवलं. लिनिएजमुळे अजून अँड्रॉइडचे सिक्युरिटी पॅच येतात. नाहीतर चांगला चालणारा फोन भंगारात गेला असता. आणि गूगलपासून दूर जायला गूगलचाच फोन विकत घ्यायचा, ही अट कितीजणांना परवडेल?

उंबरठा: पॅच येतात, पण अँड्रॉइडच्या भागाचे. मोडेमचं, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपचं, बंदिस्त फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) कंपनीने अपडेट करणं थांबवलं की ते तिथेच थांबतं. लिनिएजवाले ते दुरुस्त करू शकत नाहीत. पिक्सेल ७एला मे २०२८ पर्यंत अपडेट आहेत, पिक्सेल ८ पासून पुढच्यांना सात वर्षं. मेमरी टॅगिंग (मेमरीतल्या चुकांचा फायदा घेणारे हल्ले रोखणारी सोय) हवं असेल तर पिक्सेल ८ किंवा ८ए घ्या, ७एमध्ये ते नाही. पैसे असते तर मीही तोच घेतला असता.

सांजवारा: आणि बँकेचं अ‍ॅप? माझ्या मित्राच्या ग्राफीनवर ते सुरूच होईना. प्ले इंटेग्रिटी (फोन भरवशाचा आहे का ते तपासणारी गूगलची सेवा) गूगलने मान्य केलेलीच सिस्टिम मागते. बिल भरायला दुसरा फोन बाळगायचा असेल, तर लोक शेवटी त्या दुसऱ्यावरच सगळं करतात.

उंबरठा: हा मुद्दा खरा आहे. काही अ‍ॅप चालतात, काही अडतात. आधी बघून घ्यावं लागतं. पण यात दोष अ‍ॅपचा आहे. वर्षानुवर्षं पॅच न मिळालेला फोन ही तपासणी पार करतो आणि ग्राफीन अडतं, हे मला संतापजनक वाटतं.

पाणवठा: तुम्ही दोघं फोनवरच अडकलात. अशिलांची कागदपत्रं ताई लॅपटॉपवर उघडत असतील ना? तिथे क्यूब्स ओएस हवं. त्यात झेन या सॉफ्टवेअरवर प्रत्येक कामाची वेगळी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतला वेगळा आभासी संगणक. अनोळखी पीडीएफ एकदाच वापरायच्या मशीनमध्ये उघडा, खिडकी बंद केली की मशीनच नाहीशी. नुसतं ओपन सोर्स आहे म्हणून निश्चिंत राहू नका. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनात चोरदरवाजा घातला गेला, तो आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला सापडला कारण एसएसएच (दूरच्या संगणकात शिरण्याची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता.

सांजवारा: क्यूब्स नीट चालायला १६ जीबी रॅमची शिफारस आहे. ८ जीबीच्या लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स, पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन आणि वेळच्या वेळी अपडेट, एवढं झालं तरी पुष्कळ.

उंबरठा: लॅपटॉपचं मान्य, तिच्याकडे ८ जीबीच आहे. फोन घेणाऱ्यांनी एक मात्र बघा. परदेशातून आलेल्या काही पिक्सेलचा बूटलोडर तिथल्या मोबाइल कंपनीने कायमचा बंद केलेला असतो. मला आधी तसाच एक मिळाला होता, परत करावा लागला. पैसे देण्याआधी सेटिंगमध्ये 'ओईएम अनलॉकिंग' (बूटलोडर उघडण्याची परवानगी) चालू होतंय का ते तपासा. आणि ग्राफीन टाकून बूटलोडर लॉक केल्यावर फोन सुरू होताना पिवळ्या सूचनेसोबत अक्षर-आकड्यांची एक साखळी दिसते, ती ग्राफीनच्या साइटवरच्या साखळीशी जुळवा. बहिणीने ती डायरीत लिहून ठेवली आहे. फोन कोर्टाबाहेर जमा करून परत घेतला की दर वेळी ताडून बघते.